लाल बुरणूस आणि ठमाबाईचा रुसवा

तर मुंबईच्या गिरणीतला महिपत दासगावच्या धक्क्यावर उतरला, इथवर काल आलो होतो. पण त्याच्या खांद्यावर काय होतं ते सांगायचं राहून गेलं, आणि खरी गंमत तर तिथंच आहे. त्याच्या खांद्यावर होता बुरणूस, लोकरीचं जाड पांघरूण. लालभडक, पिकल्या मिरचीसारखा, आणि कडेला दोन बोटं रुंद काळा पट्टा. सन चोवीसचा तो पौष महिना. मुंबईच्या गिरण्या संपात बंद पडलेल्या, जो तो गावाकडं निघालेला, लाँचमधून उतरणारा एकेक गडी नुसतं वळकटीचं ओझं घेऊन उतरत होता. त्या सगळ्यांत हा एकटा असा उतरला की वाटावं, कुठल्या संस्थानिकाचा कारभारी आला.

महाडात एक मुक्काम झाला, पोलादपुरात एक, आणि तिसऱ्या दिवशी चढण चढून गडी कातळकोंडात पोचला. कातळकोंड म्हणजे पोलादपूरच्या वर डोंगराच्या खांद्यावर बसलेली चौदा घरांची वाडी. पौषात तिथं थंडी अशी पडते की सकाळी गुरंसुद्धा गोठ्यातून बाहेर यायला कां कूं करतात. घराघरात घोंगड्या होत्या, गोधड्या होत्या, पण घोंगडी टोचते आणि गोधडी जड होते. हा बुरणूस गालाला लावला तर मांजराच्या पोटासारखा मऊ. पहिल्या संध्याकाळी अख्ख्या वाडीनं तो हात लावून पाहिला.

"केवढ्याला रे घेतलास?" असं विचारणाऱ्याला महिपत नुसता हसायचा आणि म्हणायचा, "ममईचा माल हाय, किंमत कशाला इचारता."

आता यायची ती ठमाबाई. महिपतची ही धाकटी चुलती. नवरा सन अठराच्या मानमोडीच्या साथीत गेला, एकच लेक तुळसा, तीही खिंडीपलीकडं फणसकोंडात दिलेली. घरात ही एकटी, दोन म्हशी आणि एक भलाथोरला तांब्याचा हंडा. हंडा सासऱ्याच्या हातचा. वाडीत कुणालाही भात उकडायचं झालं की ठमाबाईच्या अंगणातल्या चुलवणावर तो हंडा चढायचा. बाई कामाला वाघीण, जिभेला थोडी तिखट, आणि एक गोष्ट तिच्यासारखी कुणाला जमत नसे: रुसायचं. कुठल्या साली कुणाच्या लग्नात आपल्याला मागच्या पंगतीला बसवलं, आपल्या पानात पुरणपोळीचा तुकडा पडला आणि शेजारणीच्या पानात अख्खी, हे ती वीस वर्षांनी सुद्धा वार-तिथीसह सांगायची.

बुरणूस वाडीत फिरू लागला. रीतच होती तशी. मुंबईहून काही नवं आलं की ते एका घरचं राहत नसे. पहिल्या चार रात्री महिपतच्या आईनं, प्रयागबाईनं तो पांघरला. मग पांडूच्या घरी लेक बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांना बसायला तो पांडूकडं गेला आणि आठ दिवस तिथंच राहिला. मग म्हातारा भिकू थंडीनं कुडकुडतोय म्हणून भिकूकडं. मग मधल्या घरांतून एकेक रात्र काढत सयाजीकडं. ठमाबाई आपल्या ओट्यावरून बघत होती. प्रयागबाई तिची सख्खी जाऊ, दोघींच्या घरांमधे फक्त एक परसू, मागलं अंगण. एकदा तिनं नाक मुठीत धरून मागून पाहिलं.

"प्रयागबाय, एक रात दे गो. कंबर गारठून जाते माझी."

"देते की. पाळीनं येईलच तुझ्याकडं," असं प्रयागबाई म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी बुरणूस परसू ओलांडायचं सोडून वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

झालं. ठमाबाईनं रुसवा धरला. पहिल्यांदा पांडू, मग भिकू, मग मधली एकेक घरं, मग सयाजी, मग खालचा चांगू, मग पुन्हा वर मुरारी. कुणाकडं किती रात्री, हे तिच्या डोक्यात जात्यासारखं फिरत होतं. म्हशीचं दूध काढताना, भात सडताना तोच पाढा.

तेवढ्यात महिपत तापानं पडला. हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, डोकं फुटायला झालं. सहाव्या दिवशी दरदरून घाम फुटला आणि ताप असा उतरला की गडी उठून चुलीपाशी भाकर खात बसला. प्रयागबाईनं देवाला नारळ फोडला. आणि बरोबर आठ दिवसांनी ताप परत आला, जसाच्या तसा. असला ताप कुणी बघितला नव्हता. हिवतापाचं अंग वाडीला माहीत होतं, मानमोडी तर सगळ्यांनी भोगली होती, पण निरोप घेऊन गेलेला पाहुणा आठ दिवसांनी परत दारात, ही नवीन तऱ्हा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं फिरस्ता ताप. महिपतमागून प्रयागबाई पडली, मग पांडूच्या घरातले तिघं, मग भिकू. दुसऱ्या फेरीत भिकू गेला. मग आणखी दोघं गेले. वाडीत हसणं बंद झालं.

एका सकाळी झऱ्यावर बायका घागरी भरत होत्या आणि कोण कधी पडलं ते एकमेकींना सांगत होत्या. पांडूकडं अमुक दिवशी, भिकूबाबा त्याच्या मागनं, मग मधली एकेक घरं, सयाजीची बायको परवा. ठमाबाई घागर डोक्यावर चढवता चढवता थांबली. तोंडानं बायका एक यादी म्हणत होत्या आणि तिच्या डोक्यात दुसरी फिरत होती, आणि दोन्ही एकच होत्या. पांडू, भिकू, तिथून थेट सयाजीपर्यंत. तिनं घागर परत दगडावर ठेवली.

"चांगूकडं कोण पडलं काय गो?" तिनं विचारलं.

"नाय बाय, चांगूकडं अजून सगळी धड हायत," शेजारची काशी म्हणाली.

ठमाबाई घागर घेऊन घरी गेली. तिसऱ्या दिवशी चांगू पडला. त्यानंतर चार दिवसांनी मुरारीची आई.

ती तडक महिपतकडं गेली. गडी दुसऱ्या फेरीतून नुकता उठलेला, भिंतीला टेकून बसला होता. "महिपत, देवाशपथ खरं सांग. बुरणूस दुकानातनं घेतलास?"

महिपतनं आई ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, "काकी, आयला सांगू नको. आमच्या खोलीत एक घाटावरचा गडी व्हता. तापानं पडला, त्याला इस्पितळात नेला, तो परत आलाच नाय. बुरणूस तसाच पडला व्हता. मी म्हनलं, चांगला माल वाया कशाला."

"त्याला असाच ताप व्हता? जाऊन परत येणारा?"

महिपतनं मान डोलावली.

मुरारीच्या घरी बुरणूस दोरीवर टाकलेला होता. ठमाबाईनं उजेडात नेऊन काळ्या पट्ट्याची शिवण उलटी केली. उवा. डोक्यातल्या नव्हेत, कपड्यातल्या, फिकट, शिवणीत तीळ भरावेत तशा ठासून. वाडीत उवा कुणाला नवीन नव्हत्या, दुपारी उन्हात बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढणं ही बायकांची करमणूकच होती. पण या बघून तिच्या अंगावर काटा आला.

त्याच दुपारी देवळात गावकी बसली. गावकीचा म्होरक्या कुशाबा, नात्यानं ठमाबाईचा दीर. त्यानं सांगितलं, आता उपाय एकच, पाहुणीला शिवेपार पोचती करायची. ही वाडवडिलांची रीत. रोगाला रोग म्हणायचं नाही, पाहुणी म्हणायचं. टोपलीत प्रत्येक आजारी माणसाच्या अंगावरचं एकेक कापड घालायचं, हळदकुंकू, दहीभात, काळी कोंबडी, आणि वाजतगाजत पुढच्या गावच्या शिवेवर ठेवून मागं न बघता परत यायचं. पुढचा गाव तिला तसाच मानानं उचलतो, एक रात्र आपल्या देवळापुढच्या सहाणेवर, दगडी ओट्यावर बसवतो, आणि त्याच्या पुढच्या शिवेवर नेतो. पुढचा गाव म्हणजे खिंडीपलीकडचं फणसकोंड.

"बसायला तिला चांगलं काहीतरी पायजे," कुशाबा म्हणाला. "नायतर रागवंल."

तेव्हा प्रयागबाई, तापातून उठलेली, काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "माझा लाल बुरणूस घ्या." सगळ्यांनी मान डोलावली. एवढं मोठं मन कुणी दाखवलं नव्हतं.

ठमाबाईला मात्र लेक आठवली. फणसकोंडात तिची तुळसा बाराच दिवसांची बाळंतीण होती. माहेरी ताप म्हणून सासरच्यांनी तिला इकडं बाळंतपणाला पाठवलंच नव्हतं. ठमाबाईनं नात अजून डोळ्यांनी बघितली नव्हती. आणि फणसकोंडची रीत तिला पक्की ठाऊक होती. पाहुणी सहाणेवर बसली की वाडीतली तान्ही पोरं आणून पाहुणीच्या कापडाखालून काढायची, म्हणजे पाहुणी त्यांना ओळखते आणि पुढं हात लावत नाही. बाराच दिवसांची पोर त्या बुरणुसाखालून जाणार होती.

"कुशाबा भावोजी," ती उठून म्हणाली, "ताप बुरणुसात हाय. तो जिथं गेला तिथं ताप गेला. शिवणीत उवा बघा. तो फणसकोंडाला नेऊ नका."

कुणीतरी खुसकन हसलं.

"वयनी," कुशाबा म्हणाला, "बुरणूस तुझ्याकडं नाय आला याचं वाईट वाटतंय, ठावं हाय आमाला. पन म्हून त्याला रोग चिकटवायचा?"

"सगळ्यांकडं गेला, हिच्याकडं नाय, याचाच ताप आलाय हिला," पांडू म्हणाला. आता मात्र सगळं देऊळ हसलं, कितीतरी दिवसांनी. प्रयागबाईसुद्धा.

ठमाबाई खाली बसली. कान तापले होते. जन्मभर रुसण्याचं नाव झालेलं, आता खऱ्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार. तेवढ्यात कुशाबानं पुढचं विचारलं, "डोकं कुणाचं?"

टोपली कुणी डोक्यावर घ्यायची, असं त्याला विचारायचं होतं. रीत अशी की ज्या घरात पाहुणी शिरली नाही, त्याच घरच्या माणसानं टोपली न्यायची. त्या माणसानं उपाशी राहायचं, आणि टोपली डोक्यावर चढली की ती उतरेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही, टोकायचं नाही, हाकही मारायची नाही. ते माणूस जिथं टोपली उतरवेल तिथं पाहुणी उतरली. लोक एकमेकांकडं बघू लागले. चौदा घरांपैकी तेरा घरांत ताप येऊन गेला होता. सगळ्यांच्या माना हळूहळू ठमाबाईकडं वळल्या.

"मी नेते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टोपली सजली. खाली आजाऱ्यांची लुगडी, सदरे, धोतरं, त्यावर घडी घालून तो लाल बुरणूस, वर हळदकुंकू, कडेला पाय बांधलेली कोंबडी. ठमाबाईनं सकाळीच अंगणातलं चुलवण पेटवलं होतं. भात उकडायचाय, असं तिनं काशीला सांगितलं होतं, आणि काशीला त्यात काही नवल वाटलं नव्हतं.

कुशाबानं टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. ढोल कडाडला, सनई उठली. अख्खी वाडी मागं, जे चालू शकत होते ते सगळे. देवळापासून वाट खाली येते, आणि पिंपळापाशी फुटते: डावीकडं खिंड आणि फणसकोंड, उजवीकडं ठमाबाईचं घर. ठमाबाई पिंपळापाशी आली आणि उजवीकडं वळली.

ढोलवाला वळला, सनईवाला वळला, कारण ते तिच्या मागून चालले होते. कुशाबाचं तोंड उघडं राहिलं. टोकायचं नाही, शिवायचं नाही, हाक मारायची नाही. तो हातवारे करत तिच्या बाजूनं पळू लागला, कधी पुढं, कधी मागं, हातानं खिंडीकडं दाखवतोय, तोंड घट्ट मिटलेलं. वाटेत पांडू दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला, पण शिवायचं नाही हे त्याला आठवलं आणि ती अगदी जवळ आल्यावर त्यानं काटेरी कुंपणात उडी मारली. ढोल चालूच. ढोल थांबवायचा कसा, टोपली उतरेपर्यंत वाजलाच पाहिजे. ठमाबाई सरळ बघत, डोक्यावरची टोपली जराही न हलवता, आपल्या अंगणात शिरली.

हंड्यातलं पाणी उकळ्या मारत होतं. तिनं टोपली खाली ठेवली, कोंबडीचे पाय सोडले, आणि बुरणूस उचलून हंड्यात घातला. मग लुगडी, सदरे, धोतरं, सगळं. भात ढवळायचा लाकडी दांडा घेऊन तिनं ते खाली दाबलं. आणि पाणी लाल झालं. रंग कच्चा होता. बघता बघता हंडाभर रक्त उकळावं तसं लाल पाणी खदखदू लागलं, काठावरून ओघळून चुलवणात चर्र चर्र करू लागलं. ढोल आपोआप थांबला. दोन बायका तिथंच खाली बसल्या.

टोपली उतरली होती, तेव्हा आता बोलता येत होतं. "वयनी," कुशाबा म्हणाला, "पाहुणीला उकडलीस तू."

"व्हय," ठमाबाई म्हणाली आणि दांडा फिरवत राहिली.

कोंबडी मात्र दाणे टिपत टिपत सयाजीच्या परसात गेली, आणि पुढं कित्येक महिने तिथंच अंडी घालत राहिली.

तिकडं खिंडीच्या पलीकडं फणसकोंडची माणसं सहाणेवर सडा घालून, ढोल घेऊन दुपारपासून ताटकळत उभी होती. संध्याकाळी त्यांचा निरोप्या आला. तुळसाच्या सासूनं, बनुबाईनं विचारलं होतं: पाहुणीसाठी घावने करून ठेवले, ते आता कुणी खायचे? ठमाबाईनं सांगून पाठवलं, तुमीच खा, आन् कापडं उकडून घाला.

गावकीनं तिला झरा बंद केला. पुढचे आठ दिवस काय होईल ते बघायचं. पाहुणी कोपली तर कोप हिच्यावर. ठमाबाई खालच्या वहाळातून पाणी आणत होती, दोन वेळा चढण चढत होती. पाचव्या दिवशी प्रयागबाईला परत ताप आला. वाडी म्हणाली, बघा. ठमाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण नवीन कुणी पडलं नाही. सातवा दिवस गेला, आठवा गेला. तापाची फेरी जुन्याच माणसांत फिरत होती, नव्या माणसाला लागत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी प्रयागबाई काठी टेकत परसू ओलांडून आली. काखेत गोधडी. हंड्यापाशी उभी राहून म्हणाली, "ही पन घाल गो."

"पाळीनं येईल," ठमाबाई म्हणाली. मग दोघीही हसल्या, आणि ठमाबाईनं चुलवण पेटवलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या अंगणात वाडीतल्या घोंगड्या, गोधड्या, सदरे, टोप्या यांचा डोंगर झाला. दोन दिवस हंडा उतरला नाही. झरा केव्हा उघडला, कुणाला कळलंही नाही. काशीनंच तिची घागर भरून आणली. बुरणूस म्हणाल, तर तो उकडून इतका आटला की त्यात एक माणूस मावेना, आणि रंग गेला तो गुलाबी राहिला.

पंधरा दिवसांनी महाडहून दवाखान्याचे डॉक्टर पायी चढून आले, घामानं निथळत. दासगावला दोघांना, पोलादपुरात तिघांना असाच ताप झाला होता, आणि तिथल्या लोकांनी कातळकोंडाचं नाव घेतलं होतं. त्यांनी आजाऱ्यांच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. मग म्हणाले, हा मुंबईकडचा ताप आहे, उवांनी पसरतो, कपडे उकळल्याशिवाय सुटका नाही. "कपडे उकळा," असं ते पुन्हा पुन्हा, मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं सांगत होते, आणि वाडी त्यांच्याकडं नुसती बघत होती. शेवटी पांडू म्हणाला, "सायेब, आमचं सगळं उकडून झालंय. तुमची टोपी काढा, ती पन उकडू."

शिमग्याला तुळसा माहेरी आली, काखेत गुटगुटीत पोर. ठमाबाईनं नातीला मांडीवर घेतलं ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. वाडीतले सगळे अंगणात जमलेले. कुशाबाही आला. पोरीच्या मुठीत बोट देऊन बसला. देवळात हसलेला तो, हातवारे करत धावलेला तो, आणि तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट घोळत होती.

"वयनी, एक इचारतो, राग नको मानू," तो म्हणाला. "फणसकोंडात तुळसा नसती, तर त्या दिशी पिंपळापाशी तुझा पाय उजवीकडं वळला असता का?"

तुळसाही आईकडं बघू लागली. ठमाबाईनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली:

"नसता वळला, भावोजी. वाजवत नेऊन ठेवली असती शिवेवर, आन् मागं बघितलं नसतं. आजवर किती टोपल्या नेल्या आपण तिकडं. पल्याड कुणाची लेक बाळंतीण असंल, याची आठवण कदी झाली व्हती का तुमाला? मला तरी नव्हती झाली."